कोमट पाणी

ज्या वॉर्डात हेडसिस्टर म्हणून जन्म काढला, तिथेच सासूबाई गेल्या. त्यांनीच शिकवून नर्स केलेली धाकटी सून तेव्हा ड्यूटीवर होती. “तू बाहेर थांब गं, आम्ही अंग पुसतो,” सोबतची नर्स मैत्रीण म्हणाली. “नको, मीच करते.” तिने पाणी कोमट केलं. “आता गार काय नि गरम काय!” मैत्रीण पुटपुटली. “गार पाण्याने दचकायच्या त्या.” सुनेने चेहरा, हात, भेगाळलेल्या टाचा पुसल्या. “आई, कुशीवर वळवते हं,” म्हणाली. एरवी लगेच “सावकाश!” ऐकू आलं असतं. तिने केस विंचरले, चादर सारखी केली. कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायचं म्हणून ती बाहेर आली. दारात अख्खं घर उभं होतं. आजवर सगळं सासूबाईंनाच विचारणाऱ्या मोठ्या दिरांनी तिला विचारलं, “आता काय करायचं?” ती म्हणाली, “आधी सगळे बसा.”