ठळक आकडा

गेल्या वर्षी बोरीतल्या शिबिरात केशरबाईचं रक्त तपासलं, तेव्हा रिपोर्टात एकच आकडा ठळक होता. कॅल्शियम जास्त. शाळेत विज्ञान शिकवणारा तिचा मुलगा सिद्धोधन खूश झाला. "माय, तुझी हाडं लोखंडाची हायेत," म्हणत त्यानं तिच्या कंबरदुखीचं गाऱ्हाणं हसण्यावारी नेलं. तिनं तो कागद गल्लीभर मिरवला. पुढं तहान वाढली, उशाशी दोन तांबे लागू लागले. तो म्हणे, ऊन लय हाय. आज परभणीत डॉक्टरांनी नव्या रिपोर्टाशेजारी तोच घडीवर विरलेला कागद ठेवला. रक्ताच्या कॅन्सरनं हाडं पोखरली होती. हाडांतलंच कॅल्शियम रक्तात उतरत होतं. "वर्षभर हे कुणीच पाहिलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. सिद्धोधन जुन्या कागदाची घडी घालू लागला. केशरबाईच अभिमानानं बोलली, "पाह्यलं न्हाई कसं, सायब? माझं लेकरू मास्तर हाय. हाडं लोखंडाची हायेत म्हनून त्यानंच वाचून सांगितलं."