टॉन्सिलची जागा

“डॉक्टर, याचे टॉन्सिल एकदाचे काढूनच टाका,” खुर्चीत नीट टेकायच्या आतच आई म्हणाली.

मांडीवर चार वर्षांचा टिल्लू खोकत होता. वर्षभरातला त्याचा हा तिसरा न्यूमोनिया. कान तर बाराही महिने वाहायचे. शेजारी आजी, म्हणजे आईची आई, फायलीतले कागद उगाच वरखाली करत होती.

“हीच थंड पाणी देत असणार. सांगून सांगून जीभ झिजली माझी,” आजी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी टिल्लूची जीभ दाबली. टॉर्च मारला. पुन्हा मारला. आईचा पाय एकसारखा हलत होता.

“फार सुजलेत का?”

“काढायला आहेतच कुठे, ताई? जागा सपाट आहे.”

डॉक्टरबाईंनी कागदावर बदामाएवढी गाठ काढली आणि तिला खोल खाचा पाडल्या. घशातून जाणारे जंतू या खाचांत अडकतात, त्या म्हणाल्या. भोवती एका खास जातीच्या पांढऱ्या पेशींचे पुंजके असतात. त्या जंतूला ओळखतात आणि त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं बनवायच्या कामाला लागतात.

“पण त्या पेशीच नसतील, तर गाठ धरणार कशी? रक्त तपासू. ताई, तुमच्या माहेरी कुणी मुलगा असा सारखा आजारी असायचा?”

“माझा धाकटा भाऊ. पाचव्या वर्षी गेला.” आईचा आवाज खाली आला. “मीच त्याला तळ्यावर नेलं होतं. भिजला, ताप भरला. मी नऊ वर्षांची होते.”

आजीनं फाईल मिटून पिशवीत टाकली.

रक्त तपासायला दिलं, आठ दिवस गेले. मग रिपोर्ट आला. शंका खरी निघाली. त्या पेशी टिल्लूच्या अंगात जन्मापासूनच नव्हत्या.

“दर महिन्याला प्रतिपिंडं बाहेरून द्यावी लागतील,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मग शाळेत जाऊ दे, चिखलात लोळू दे. हे भिजल्यानं होत नाही, थंड पाण्यानंही नाही. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. मुलीलाही मिळू शकतो, पण तिला स्वतःला काहीच होत नाही; ती तो नुसता पुढे नेते.”

“म्हणजे शेवटी माझ्यामुळेच,” आई पुटपुटली.

आजीनं तिचा हात घट्ट धरला.

“तुला तो माझ्याकडूनच आला ना गं,” ती म्हणाली. “आणि पंचवीस वर्षं तुझ्या भावाच्या मरणाचा बोल मी तुला लावला.”