एक, चार, सहा

"काका, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याच्या कानांवर हेडफोन चढवायला पुढे झाली.

"मोठ्याने बोल गं पोरी. तीस वर्षं कापड गिरणीत मागावर काढलीत मी. आमच्या खात्यात नुसतं कुजबुजायचं म्हटलं तरी बोंब मारावी लागायची."

तिने बोंब मारून पुन्हा सांगितलं. म्हातारा खूश झाला. बटण त्याने दोन्ही हातांत धरलं आणि डोळे मिटून घेतले.

जाड दार लावून ती बाहेर आली, काचेसमोर बसली. टेबलावर यंत्र होतं. त्यावर आवाज सोडायची कळ, तो लहानमोठा करायची चकती, आणि आतल्या माणसाने बटण दाबलं की लागणारा एक हिरवा दिवा. शेजारी श्रवणचाचणीच्या आलेखाचा कोरा कागद.

सकाळीच डॉक्टरबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. "तीन आलेख परत आलेत तुझे. ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, त्यांना तू सशाचे कान लावून पाठवतेस. दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहेस, ठीक आहे. त्यातला एक दगड माझ्या दवाखान्यात आहे, एवढं लक्षात ठेव. आणखी एक आलेख चुकला, की सोमवारपासून दुसऱ्या शाखेत संध्याकाळची ड्यूटी."

संध्याकाळी व्हायोलिन असायचं. साडेसहाची तालीम चुकवणाऱ्याची खुर्ची त्या वादकांच्या गटात आठवडाभरही रिकामी राहत नसे.

म्हणून आज ती जपून काम करत होती. कळ दाबली. दिवा लागला. आवाज कमी करून पुन्हा दाबली. दिवा लागला. उजव्या कानाचा पहिला लाल गोल तिने कागदावर काढला.

खोलीत गाद्यांच्या कपाटासारखी शांतता होती. काचेवर दुपारचं ऊन तिरकं पडलं होतं आणि त्यात धूळ सावकाश वर चढत होती. तिच्या डाव्या हाताची बोटं कधी मांडीवर जाऊन नसलेल्या तारा दाबू लागली, तिला कळलं नाही. कालची सात मात्रांची गत. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गज उलटा फिरवायचा, तिथे ती रोज अडखळायची. आत्ता अडखळली नाही. दिवा लागत होता, विझत होता, पाण्याखालून कुणीतरी हिरवा डोळा उघडमीट करावा तसा. ती आवाज उतरवत गेली, गोल काढत गेली. सूर चढत गेले. पाचशे कंपनं, हजार, दोन हजार, चार हजार.

चार हजारांवरचा गोल काढताना तिचा हात थांबला.

मागाच्या खडखडाटाने कान जातात ते आधी इथेच. तीस वर्षं माग, आणि या ठिकाणी विशीतल्या पोराचा कान?

तिने कळीवरचं बोट उचललं. हात मांडीवर ठेवला आणि दिव्याकडे बघत राहिली.

दिवा लागला.

तिने मनात मोजलं. दोन, तीन. चारला दिवा लागला. पाच. सहाला लागला. सात. पुन्हा एकला लागला.

काचेपलीकडे म्हातारा डोळे मिटून किंचित डोलत होता.

"झाला?" डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी कागदावर वाकून पाहिलं. "चांगले आहेत की कान. मागावरचा माणूस म्हणून मला धास्ती होती."

कागद नुसता पुढे सरकवला असता तरी चाललं असतं. ती दिव्याकडे बघत म्हणाली, "आत्ता आवाज किती दिलाय, ते विचारा मॅडम."

"किती?"

"काहीच नाही."

दिवा लागला. विझला. डॉक्टरबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मांडीवर होते.

"आवाज कधी येणार, याचा अंदाज येऊ द्यायचा नाही. पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी तुला."

"व्हायोलिनच्या तालात देत होते मी. माझ्या लक्षातच आलं नाही. मागचे तिघेही मग..." तिने पेन उचललं आणि आलेखावर आडवं, मोठ्या अक्षरात लिहिलं : पुन्हा.

डॉक्टरबाईंनी तो शब्द वाचला. मग, जवळजवळ हळुवारपणे, म्हणाल्या, "सोमवारी पाचला तिकडे पोच." आणि गेल्या.

तिने नवा कागद घेतला. आता ती घड्याळाच्या काट्याकडे बघून कळ दाबत होती. दोन सेकंदांनी, मग सातांनी, मग लगेच. एकेक पायरी वेगळ्या उंचीची असलेला जिना उतरावा, तसं. दिवा आधी गोंधळला. भलत्याच वेळी दोनदा लागला, मग विझूनच राहिला. ती आवाज वाढवत गेली. लाल गोल चार हजारांपाशी कड्यावरून पडल्यासारखे खाली गेले.

आत म्हाताऱ्याने डोळे उघडले. हातातलं बटण उलटसुलट करून पाहिलं, मग काचेजवळ तोंड आणून एवढ्या जोरात ओरडला की जाड काचेतूनही ऐकू आलं.

"मशीन बंद पडलं का गं पोरी? इतकं छान चाललं होतं!"

तिने नकारार्थी मान हलवली. तोंडाने सांगून त्याला ऐकू गेलं नसतं.

मनात सात मात्रा मोजत ती काचेवर बोट टेकवत गेली, त्याला दिसेल असं. एक. मग चार. मग सहा.

म्हातारा बोटाकडे बघत राहिला. मग हसला, मागे रेलला आणि त्याने डोळे मिटले.

टेबलावर हिरवा दिवा लागला.