घराचा खरा आवाज

"चेची, आज अप्पच्चन खोकत का नाहीत?" दिग्दर्शकाने घरच्या ताईला, शोशाम्माला विचारलं.

कुट्टनाडातल्या त्या कौलारू घरात मल्याळी सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. मागच्या खोलीत शोशाम्माचे वडील, अप्पच्चन, अंथरुणाला खिळलेले. पहिल्या दिवशी त्यांच्या खोकल्याने शॉट बिघडला, तेव्हा तिने माफी मागितली होती. तरुण दिग्दर्शक उलट खूश झाला. "राहू द्या, हा या घराचा आवाज आहे. खरा." काल अर्धा प्रसंग त्या खोकल्यासकट झाला. उरलेला आज व्हायचा होता, आणि मागची खोली गप्प होती.

"किती रात्रींनी डोळा लागलाय त्यांचा," शोशाम्मा दार अडवून म्हणाली. तिचेही डोळे मिटत होते. "खोकला काय, नंतर चिकटवा की."

"आमच्या सिनेमात चिकटवाचिकटवी नसते, चेची. एकदाच हलवा ना त्यांना."

ती आत गेली. दार लोटून घेतलं. बाहेर 'अ‍ॅक्शन' झालं तशी ती वडिलांकडे पाठ करून खोकली. तसाच कोरडा, शेवटी शीळ घालणारा खोकला. इतकी वर्षं उशाशी बसून तो तिला पाठ झाला होता.

बाहेर टाळ्या पडल्या. "याला म्हणतात खरं!" दिग्दर्शक ओरडला.

मागे खाट करकरली. अप्पच्चन कोपरावर उठू पाहत होते.

"मोळे," ते घाबरून म्हणाले, "पोरी, तुला कधीपासून गं?"