आईलाही कळेल अशी क्वेरी

लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटचा तो प्रोग्रामर होता, आणि त्याच वेबसाइटवर आईने त्याचं नाव नोंदवलं होतं. तीन वर्षांत एकाही मुलीकडून साधी विचारणा आली नव्हती.

"येणार कशी? बाबांचं नाक घेऊन जन्मलायस ना!" आई म्हणायची. बाबा मुकाट्याने पेपर आणखी वर धरायचे.

एके दिवशी ऑफिसातल्या नव्या मॅडमनी त्याने लिहिलेली, मुलींना स्थळं शोधून देणारी क्वेरी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "काय हा गुंता! डेटाबेसकडे आपण काय मागतोय ते वाचताक्षणी कळायला हवं. प्रत्येक अटीला सरळ मराठी नाव दे. तुझ्या आईलाही कळलं पाहिजे."

त्याने ते फारच मनावर घेतलं. घरी जेवणाच्या टेबलावर बसून, जुनी एकही अट न गाळता, त्याने अख्खा गुंता सोडवला. काम इतकं देखणं झालं की त्याला राहवेना.

"आई, वाचून बघ. कळतंय का?"

आईने चष्मा चढवला. "स्थळं शोध... लग्नाच्या वयाची... नोकरीवाली... निर्व्यसनी... अरे, छान कळतंय की!" तिने शेवटची अट वाचली. "...मला वगळून."

बाबांचा पेपर हळूहळू खाली आला.

"अगं," ते म्हणाले, "त्याला नंतर झोड. आधी माझ्या नाकाची माफी माग."