बघणार कोण?

सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात कुठला माग थांबला ते सांगणारा प्रोग्राम मायाक्कानं एकटीनं पायथनमध्ये लिहिलेला. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञानं तो मालकांसमोरच मोडीत काढला. “पायथन संथ. नव्या भाषेत सगळं परत लिहू. उद्या ही पोरगी सोडून गेली तर हे बघणार कोण?”

मालकांनी मान डोलावली. मायाक्काचं डोकं सणकलं.

“परवा मी मोहोळला लग्नात होते, मालक. तवा प्रोग्राम बंद पडलेला.”

“कधी? मला तर कळलंबी न्हाय!”

“कळंल कसं? बिरप्पा मामांनी पाच मिनटात नीट केला की. वाचून कळावी म्हणूनच ही भाषा धरली.”

“कुठं शिकलेत हे बिरप्पा?” तज्ज्ञानं विचारलं.

“माझ्याकडं, जेवणाच्या सुट्टीत. एरवी मागांना तेल घालत्यात.”