उलटी तोफ

बाबांनी तोफ उलटी चिकटवली होती. तोंड जहाजाच्या मागच्या बाजूला, म्हणजे उडवली तर पहिला गोळा स्वतःच्याच धुराड्यात.

"मंजू, बघ गं," विश्वासराव चिमटा खाली ठेवत म्हणाले. "बरोबर बसलीय?"

मंजिरीने मान डोलावली.

"नीट बघ. नक्की?"

तिने पुन्हा मान डोलावली, वर छानसं हसलीसुद्धा. बाबांचा चेहरा उतरला. हल्ली तो असाच उतरायचा, कारण नसताना.

तीस वर्षं रेल्वेचे पूल बांधणारा माणूस. नकाशातली दोन मिलिमीटरची चूक लांबून हेरणारा. आणि आता हातभर लांबीच्या प्लास्टिकच्या युद्धनौकेवर रोज एक घोळ. सोमवारी लाइफबोटी पालथ्या, काल शिडी हवेत. किटबरोबर आलेली सूचनांची पुस्तिकाही कुठेतरी हरवून बसले होते.

किट अनीशदादाचं. तो आणि मंजिरी मिळून ते जहाज बांधत होते. जानेवारीत राखाडी रंग संपला आणि मंजिरीच मागे लागली, आत्ताच्या आत्ता आण. निशातगंजच्या बाजारातून वृंदावन योजनेतल्या घराकडे परतताना धुक्यात ट्रकने दादाच्या स्कूटीला उडवलं. रंगाची बाटली तेवढी फुटली नाही.

तेव्हापासून बाबा रजेवर होते आणि दादाच्या जागी जहाजापाशी बसत होते. त्यांचं डोकं... पुढचा शब्द मंजिरीला मनातसुद्धा नको वाटायचा.

आई फोनवर दबक्या आवाजात बोलायची. "नाही डॉक्टर, अजून काहीच फरक नाही. हो, जहाज चालूच आहे. महिनाअखेरपर्यंत बघायचं? आणि मग दिल्ली?"

दिल्ली. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात बाबांना ठेवून घेतलं तर? दादाची खोली रिकामी होतीच, आता बाबांची खुर्चीही रिकामी. मग या घरात उरणार काय? म्हणून मंजिरीने ठरवूनच टाकलं होतं, बाबांच्या चुका कुणाच्या नजरेला पडू द्यायच्या नाहीत.

संध्याकाळी ते दूध आणायला बाहेर पडले की तिचं काम सुरू. गोंद पक्का धरायच्या आत पात्याने भाग अलगद सोडवायचा, सरळ करायचा, परत चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी बाबा जहाज निरखून बघायचे आणि गप्प बसायचे. आठवतच नसणार बिचाऱ्यांना.

"काय गं, आमच्या साहेबांची तोफ ठीक आहे ना?" आईने भेंडी चिरता चिरता विचारलं. "की अख्ख्या सेक्टरवर गोळे पडणार?" सुरी थांबवून ती मंजिरीकडे बघत राहिली.

मंजिरीने अंगठा वर केला. आईला कळता कामा नये. आईला तर मुळीच नाही.

आई पुन्हा भेंडीकडे वळली.

शाळेत मॅडम हल्ली तिला प्रश्न विचारायच्या नाहीत. बरंच होतं ते. आज दुपारी जिन्यात शेजारच्या गीता आंटी भेटल्या होत्या. "घर में सब ठीक, बेटा?" मंजिरी नुसती हसली होती. "अच्छा, कोई बात नहीं," म्हणत आंटींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

बाबा पिशवी घेऊन निघाले. गेटचा आवाज ऐकून मंजिरी कामाला लागली. तोफ पाच मिनिटांत सरळ झाली. पण तिच्या वरचा रडार? त्याचं तोंड कुठे हवं, हे काही तिला आठवेना. पुस्तिकेशिवाय जमणार नव्हतं.

तिने बाबांच्या टेबलाचा खण उघडला. रेल्वेच्या डायरीखाली पुस्तिका होती. हरवलेली नव्हती, ठेवलेली होती.

समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बाबांचं तेच इंजिनिअरी अक्षर, ताठ, कुठेही न थरथरलेलं.

"सोमवार. लाइफबोटी पालथ्या लावल्या. मंजूने गुपचूप सरळ केल्या.

बुधवार. शिडी हवेत ठेवली. गुपचूप नीट केली.

गुरुवार. तोफ उलटी. नुसती मान डोलावली. उद्या नांगर मागे लावून बघतो. एकदा तरी म्हणेल, बाबा, चुकलात तुम्ही. अनीश जाऊन आज सत्तर दिवस झाले. मंजूच्या तोंडून अजून एक शब्द नाही."